उसने दिलेले पाय

तुमच्या बाबाने गोदावरी पहिल्यांदा ओलांडली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. परभणीत वाढलेल्या मुलाने इतकी वर्षं नदीपलीकडे पाऊल टाकू नये हे तुम्हांला खरं वाटणार नाही. पलीकडे त्याच्या आत्याचं घर होतं, चुलत भावंडांची लग्नं होती, शाळेच्या सहली परळीला जायच्या. सगळे जायचे, तो घरी राहायचा. यामागे तुमची पणजी होती, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे.

क्रमाने सांगते. बाबा दोन वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. श्वास घेताना त्याच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मी खाटेजवळ होते आणि आत्याबाई व्हरांड्यात. त्यांनी दक्षिणेला तोंड करून, जिकडे नदी आहे तिकडे, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "गंगामाई, हे लेकरू तुझं. मुदगलपासून गंगाखेडापतूर तुझ्या काठानं अनवाणी चालंन. तवर ह्याला तुझ्या पल्याड जाऊ देनार न्हाई." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

बाबा बरा झाला. मी हैदराबादच्या मिशन शाळेत शिकलेली आणि परभणीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. माझ्या मते तो इंजेक्शनाने बरा झाला होता. हे मी एकदा बोलूनही दाखवलं. आत्याबाई जराही न रागावता म्हणाल्या, "इंजेक्शन बी तिनंच धाडलं आसंल की."

नवस मात्र राहत गेला. आधी शेताची कामं होती, मग मामंजींना अर्धांगवायू झाला. ते गेल्यावर आत्याबाई आमच्या झरी गावचं शेत बटईने देऊन आमच्याकडे राहायला आल्या, तोवर त्यांचे गुडघे धरले होते. दर दिवाळीला त्या म्हणत, "औंदा जाऊ," आणि दर संक्रांतीला नदीच्या दिशेने कान धरत. हे बघून मी हसत असे. तुमचा बाबा हसत नसे, कारण आत्याकडच्या लग्नांचे लाडू त्याला डब्यातून यायचे.

तो इथल्याच शेतकी कॉलेजात शिकला. शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत परीक्षा लांबल्या, निकालही लांबला, आणि अखेर नदीपलीकडे, पुण्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत त्याला नोकरी मिळाली. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. आत्याबाईंनी पत्र हातात घेतलं, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि जेवल्या नाहीत.

"माझ्या पायी पोरगं आडकलं," त्या म्हणत राहिल्या. "म्या कामचोर. म्या तिला फसवलं."

बाबा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "आई, मी मनमाडच्या गाडीनं जातो. तिकडून जायचं सांगितलं की वाटेत नदी लागते ते आजीला कळायचं नाही."

मी त्याला म्हणाले, "त्या वाटेनेही नाशिकच्या अलीकडे गोदावरी ओलांडावीच लागते."

"आजीला काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार. तुला कळेल."

तो गेला नाही. पण त्या दिवसापासून घरात आम्ही तिघंही एकमेकांकडे अपराध्यासारखे बघायला लागलो. नवस फेडला नाही म्हणून आत्याबाई, त्यांना फसवावंसं वाटलं म्हणून तो, आणि दोघांत बोलून काही मिटवता येत नाही म्हणून मी. शेवटी मीच म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या बदल्यात मी चालले तर?"

त्यांनी माझ्या पायांकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "चालतंय. पन पाय द्यावे लागतेत."

पाय द्यायचे म्हणजे काय ते मुदगलला कळलं. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या आजोबांनी आम्हां दोघींना एसटीने तिथे पोचवलं आणि गंगाखेडपर्यंत नाव ठरवून ते परत गेले. मुदगलला महादेवाचं देऊळ नदीच्या पात्रातच आहे. काठावर आत्याबाईंनी मला पाटावर बसवलं, गंगेच्या पाण्याने माझे पाय धुतले आणि त्यांवर हळदकुंकू वाहिलं. सासूने सुनेच्या पायांना हात लावायचा! मी पाय ओढून घेतले.

"आत्याबाई, हे काय करताय?"

"गप बस. तुझ्या पायाला कोन हात लावायलंय? आता हे माझे हायेत. म्या तुला उसने दिलेत."

तू चाललीस की मी चालले, असा त्यांचा हिशेब होता. पण पाय दिल्यावर देणाऱ्याने भुईला पाय टेकवायचा नाही. म्हणून त्यांनी नावेतून यायचं, मी काठाने चालायचं, आणि मी नावेत पाऊल ठेवायचं नाही. हे कोणत्या पोथीत आहे असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या सासूनं सांगितलंय." त्यावर अपील नव्हतं.

तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. नावेतून उतरायची वेळ आली की नावाडी काठावर घोंगडी अंथरायचा. घोंगडीवर पाय चालत होता, मातीवर नाही. घोंगडीवरून बाभळीच्या आडोशापर्यंत जायला दुसरी घोंगडी लागायची. मग पहिली उचलून पुढे टाकायची. असं आत्याबाईंचं जाणं-येणं चाले, आणि तोवर नावाडी तोंड फिरवून विडी ओढत बसे.

तो पिकल्या मिशांचा भोई होता. मला मास्तरीणबाई म्हणायचा आणि आत्याबाईंना माय. पहिल्याच दिवशी त्याने त्यांना डिवचलं, "माय, तुमी तं म्हाराणी झालाव. मी वल्हवायलोय, सून चालायलीय आन तुमी नुस्त्या बसायलाव."

"बसनं सोपं वाटलं का रे बाबा तुला? तूच बस बगू आसा, हात जोडून."

पाणी कुठे खोल होतं, कुठे गुडघाभर. उथळ आलं की तो खाली उतरून नाव दोरीने ओढायचा आणि आत्याबाई कडेला धरून बसायच्या. मी काठावरून, कधी कापसाच्या वावरातून, कधी हरभऱ्याच्या नुकत्या पेरलेल्या रानातून जात होते. सकाळी काळी माती पायाला गार लागायची. मला खोटं लिहायचं नाही: मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत शाळेची घंटा नाही, कुणाचा डबा नाही, कुणी हाक मारत नाही, असे दिवस मला मिळाले नव्हते. दुसऱ्याचा नवस फेडताना इतकं सुख वाटणं बरं नाही असं मनात यायचं आणि मी मुद्दाम कडक उन्हातून चालायची.

नावेतून आवाज यायचा, "बोचायलंय का गं?"

"नाही, आत्याबाई."

"खरं सांग."

"थोडंसं."

मग त्या गालावर हात मारून घेत. नाही म्हटलं तर त्यांना खोटं वाटायचं आणि हो म्हटलं तर वाईट. म्हणून काटा मोडला की मी एखाद्या झाडाआड बसून काढत असे, त्यांना दिसणार नाही असा. दुपारी नाव काठाला लागली की त्या मला बसल्या जागेवरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. स्वतः आधी खात नसत. मुक्काम एखाद्या देवळात किंवा ओळखीच्या घरी, पण आत्याबाई नावेतच झोपायच्या. मी काठावर, त्या पाण्यावर, मधे दोरी.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट नवसाशी जोडलेली नाही, पण ती गाळून पुढे जाता येत नाही. एका गावाच्या कडेने, नदीच्या अंगाला, बौद्ध वस्ती होती. चार-पाच घरांना छप्पर नव्हतं आणि भिंती काळ्या होत्या. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, नामांतराचा ठराव झाल्यावर, मराठवाड्यात जे झालं ते आम्ही परभणीत पेपरात वाचलं होतं. पेपर वाचून मी शाळेत गेले होते आणि त्या दिवशीचा धडा शिकवला होता. आता मी त्या भिंतींशेजारून चालले होते, पायांवर हळदकुंकू घेऊन. एक बाई एका भिंतीला माती लिंपत होती. तिने माझे अनवाणी पाय बघितले.

"कुठं चाललाव, बाई?"

"गंगाखेडला. मुलाचा नवस आहे."

"पोरगं बरं हाय ना आता?"

"बरं आहे."

"मंग जावा. पोरासाठी करावंच लागतंय." आणि ती पुन्हा लिंपायला लागली.

तिच्या पोरांबद्दल मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. नावेतून आत्याबाईंनी, "काय जळालंय गं तिथं?" असं विचारलं, तेव्हा नावाड्याने जोरात वल्हं मारलं आणि मी चालत राहिले. त्या दिवशी मला पुन्हा काही बरं वाटलं नाही.

त्यानंतर एका ओढ्यापाशी अपघात झाला. ओढा नदीला मिळतो तिथे काठ तुटलेला होता आणि खाली गाळ होता. चालणाऱ्याने नावेत बसायचं नाही, म्हणून गाळातूनच जायचं. मी लुगडं खोचून उतरले. मधोमध माझा डावा पाय खोल गेला, अंग एकीकडे कललं आणि घोट्यात कळ निघाली. मी "आई गं!" अशी ओरडले.

नाव जवळच होती. नावाडी ओरडला, "थांबा माय, घोंगडी टाकतो!" पण आत्याबाई थांबल्या नाहीत. ज्या बाईला उठताना दोन माणसं लागायची ती बाई कडेवरून उतरली आणि गुडघाभर गाळातून माझ्यापर्यंत आली. माझ्या काखेत हात घालून त्यांनी मला वर ओढलं. आम्ही दोघी काठावर बसलो, कमरेपर्यंत काळ्या. त्यांनी माझा घोटा चाचपला, "मोडलं न्हाई," म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर स्वतःच्या पायांवर गेली. मातीत टेकलेल्या.

नावाडी घोंगडी गुंडाळत म्हणाला, "माय, म्या काय बी पायलं न्हाई. मास्तरीणबाईंनी बी न्हाई पायलं."

"गंगेनं पायलं की," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माझी एक किंकाळी, आणि वीस वर्षांचा नवस गाळात गेला. मी पडायला नको होतं असं म्हणणं वेडेपणाचं आहे, पण मी तेच म्हणत होते, "मी पडायला नको होतं." त्या म्हणत होत्या, "म्या उतराया नको हुतं." मग म्हणाल्या, "न उतरून कसं चाललं आसतं?" आणि रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही.

परत मुदगलला जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची, तर माझा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. तो बरा होईपर्यंत बाबाची हजर व्हायची तारीख निघून गेली असती. मी म्हणाले, "आत्याबाई, त्याला जाऊ द्या. मी पुढच्या वर्षी पुन्हा चालेन."

"आन मधल्या साली त्याला काय झालं मंजे?"

मी घोटा चोळत राहिले.

मग नदीच्या पाण्याने त्यांनी आधी माझे पाय धुतले, नंतर स्वतःचे. "दे माझे पाय इकडं," म्हणाल्या. "तू चाललीस तितकं माझंच झालं. राह्यलेलं म्या चालते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यानं कोन चालतंय? पायानं चालतेत."

नावाड्याने आपला जादा बांबू त्यांना काठीला दिला. मला नावेत बसवलं. आणि नवसाची दुसरी बाजू सुरू झाली, जिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही.

काठावर सत्तरीची बाई अनवाणी चालते आहे, दर चार झाडांमागे एका झाडाला टेकते आहे, आणि मी घोंगडीवर पाय लांब करून बसले आहे. बसणं सोपं नसतं, हे तेव्हा मला कळलं. आता ओरडून विचारायची पाळी माझी होती.

"दुखतंय का हो?"

"न्हाई गं."

"खरं सांगा."

"तू शाळेत पोरींला अशीच छळतीस का?"

नावाडी नाव इतकी हळू नेत होता की पाणी आमच्या पुढे जात होतं. तोही आता डिवचत नव्हता. संध्याकाळी मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायची. कातडी गरम लागायची आणि हात लावला की त्या ओठ मिटायच्या. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायलाही मनाई केली होती, ते माझ्यासमोरच सांगितलं होतं. मी शिकलेली होते. वाटेत गावं होती, गावांत छकडे होते, सडकेवर एसटी होती. एक शब्द ठामपणे बोलले असते तर तिथेच सगळं थांबलं असतं. तो शब्द रोज सकाळी माझ्या तोंडात येई. आणि रोज सकाळी पुण्याची ती नोकरी आठवे. तुमच्या बाबाने झरीच्या कोरडवाहू शेतावर आयुष्य काढू नये असं मला वाटत होतं. आत्याबाईंना नवसासाठी चालायचं होतं, मला नोकरीसाठी त्या चालायला हव्या होत्या. देवावर विश्वास त्यांचा होता, फायदा माझा.

गंगाखेड नदीच्या दक्षिण काठाला आहे. आम्ही उत्तर काठाने त्याच्या समोर पोचलो तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला होता. बाबा आदल्या दिवसापासून अलीकडच्याच वाळूवर येऊन थांबला होता. दुरून नाव दिसल्यावर तो धावत आला. त्याने आधी नावेत मला बघितलं, मग काठावर बांबू टेकत येणाऱ्या आजीला.

"आई, तू नावेत?"

एवढंच म्हणाला. तो सूर अजून माझ्या कानात आहे.

"तिचा पाय मुरगाळलाय, तिला बोलू नको," आत्याबाई लांबूनच ओरडल्या.

बाबा त्यांच्याकडे गेला. त्यांचे गुडघे बघून तो त्यांच्या पायांशी बसला. "आजी, मी नाही जात पुण्याला. कंपनीला तार करतो. तू हे कशाला केलंस?"

आत्याबाई इतक्या चिडल्या की त्यांनी बांबू वाळूत आपटला. "न्हाई जात? मंग म्या काय हवा खायाला हिंडले का? तुझी माय चिखलात पडली, ह्या भोयानं नाव वढली, आन तू न्हाई जात?"

"माझ्यामुळं तुझे पाय..."

"माझ्या पायाचं तू नको सांगू. दुखायलेत का माझे पाय? इच्चार तुझ्या आईला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "थोडे सुजलेत. आराम केला की उतरतील."

त्यांनी गंगेची खणा-नारळाने ओटी भरली. नावाड्यालाही नारळ दिला. मग आम्ही सगळे नावेत बसलो आणि नावाड्याने पलीकडच्या घाटाच्या दिशेने वल्हं मारलं. बाबा आजीजवळ बसला होता. नाव मधल्या धारेत आली तेव्हा आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "झालं. आता हिंड बाबा, कुठं बी." तो पुढच्या काठाकडे बघत होता. बावीस वर्षं जो काठ त्याने लांबून बघितला तो जवळ येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. तो दिसू नये म्हणून तो धडपडत होता, पण मी आई आहे.

घाटाला नाव लागली. तो आधी उतरला आणि त्याने आजीला हात दिला. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्यांचा गुडघा एकदम वाकला. बाबाने सावरलं म्हणून, नाहीतर त्या पडल्या असत्या.

"घाट लय निसरडा हाय," त्या हसून म्हणाल्या.

त्याने मान वळवून मला विचारलं, "हो?"

दुपारचं ऊन पडलं होतं. पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. "हो," मी म्हणाले, "निसरडा आहे. जपून."

तो पुण्याला गेला, पुढे तुमच्या देशात गेला. आत्याबाई त्या दिवसानंतर आधाराशिवाय चालल्या नाहीत. कुणी विचारलं तर वय झालं म्हणून सांगत, आणि त्यांच्यासमोर मीही तेच सांगत असे. बाबाचा फोन येतो तेव्हा आम्ही पावसाबद्दल बोलतो, तुमच्या परीक्षांबद्दल बोलतो. त्या घाटाबद्दल त्याने मला आजवर विचारलेलं नाही. शेतकी शिकलेला माणूस आहे. ओला दगड आणि कोरडा दगड त्याला कळला नसेल असं नाही.